कमिटी एक की अनेक?

आमच्या सोसायटीच्या बोर्डावर सेक्रेटरींनी इंग्रजीत नोटीस लावली, 'द कमिटी हॅव डिसायडेड...', पुढे टाकी धुण्याचा वार. संध्याकाळी कुणीतरी लाल पेनानं 'हॅव' खोडून 'हॅज' केलं. सकाळी त्यावर निळ्या पेनाची काट, आणि पुन्हा 'हॅव'. पाणी किती वाजता बंद होणार, हे कोणी विचारलं नाही. जिन्यात चर्चा फक्त ग्रामरची.

मी निळ्या पेनाच्या बाजूचा. अमेरिकन माणूस अशा वेळी बहुतेक 'हॅज'च लिहील, पण ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतं. समिती एकदिलानं वागली तर एकवचन, सभासद आपापलं तोंड घेऊन बसले तर अनेकवचन. आमचे अध्यक्ष आणि खजिनदार पार्किंगवरून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना 'हॅज' कोणत्या तोंडानं लावायचं?

क्रिकेटमध्ये तर टीम म्हणजे अकरा जणच. १५ मार्च २०१६ ला नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची मॅच होती. न्यूझीलंडच्या १२६ धावा, आणि आपण ७९ वर ऑलआऊट. अशा वेळी इंग्रजी कॉमेंट्रीत 'इंडिया आर', मराठी पेपरात 'भारत हरला', आणि पानठेल्यावर 'इंडिया हारून राहिली ना बे!' संघ तोच. एकीकडे अनेकवचनी, दुसरीकडे पुल्लिंगी, तिसरीकडे स्त्रीलिंगी. शिव्या मात्र एकेकाला नाव घेऊन.

एकवचनाचे इतके लाड करणाऱ्या अमेरिकेचं स्वतःचं नावही एके काळी अनेकवचनीच चालायचं. गुलामगिरी संपवणारी १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती वाचा, तिथं युनायटेड स्टेट्ससाठी 'देअर' आहे, म्हणजे 'त्यांच्या' अखत्यारीत. यादवी युद्ध लढून राज्यं एकत्र राहिली खरी, पण 'आर'चं 'इज' अंगवळणी पडायला पुढे बरीच वर्षं गेली.

मराठी क्रियापद असल्या भानगडीत पडत नाही. ते नामाचं रूप बघतं, आत काय शिजतंय ते नाही. वऱ्हाड आलं, वऱ्हाड जेवलं, वऱ्हाड भांडलंसुद्धा! दोनशे माणसं, त्यातली पन्नास बसच्या खिडकीवरून हातघाईवर आलेली, तरी सगळी मिळून एक नपुंसकलिंगी एकवचन. आणि नवरदेवाचे मोठे मामा एकटेच स्कूटरवरून उतरले, तर 'मामा आले'. एका माणसाला अख्खं अनेकवचन! इंग्रजांना हे समजावून सांगायला गेलं तर ते कमिटी नेमतील.

बरं, मामांचं हे अनेकवचन नुसतं व्याकरणातलं नाही. सावजीचा रस्सा पानात उशिरा आला म्हणून मामा रुसले, की वऱ्हाड निघत नाही. मामा आहेत एकच, पण समजूत घालायला चौघं लागतात.