आबांचं गळू आणि जेफरसनचे डॉक्टर लाँग

मी भूलतज्ज्ञ. शिकले मिरजेला, नोकरी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरात. आपल्याकडे डॉक्टर्स डे १ जुलैला असतो, इथे ३० मार्चला. कारण १८४२ साली त्या तारखेला, इथून अर्ध्या तासावरच्या जेफरसन गावात, क्रॉफर्ड लाँग नावाच्या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरांनी एका माणसाला ईथर हे गुंगी आणणारं औषध हुंगवून, त्याला दुखू न देता मानेवरची गाठ काढली. पुढे १९३३ मध्ये जवळच्याच वाइंडर गावात यूडोरा आल्मंड या डॉक्टरपत्नीनं हा दिवस पहिल्यांदा साजरा केला. त्याचं चिन्ह म्हणजे लाल कार्नेशनचं फूल.

असंच फूल कोटाला लावलेलं असताना इमर्जन्सीतून फोन आला. भारतातून लेकीकडे आलेले सत्तरीतले गृहस्थ. मधुमेह जुना. खालची दाढ किडलेली, तिचा पू जबड्याखाली उतरून गळा सुजलेला. आत गेले तर ते पलंगावर ताठ बसलेले, आडवं होता येत नव्हतं. तोंडातून लाळ गळत होती, तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. शेजारी स्टँडवर फोन, आणि त्यातला दुभाष्या हिंदीत सांगत होता, 'आपको बेहोश किया जाएगा.' ते मान हलवून नको, नको म्हणत होते.

लेकीला गाव विचारलं. तासगावकडचे निघाले.

"आबा, मी मिरजेची," म्हटलं. "काय भ्या वाटतंय, मला सांगा."

माझ्याकडे बघतच राहिले. मग सुजलेल्या जिभेनं कसंबसं म्हणाले, "भाऊ माजा... आपरेशनला न्हेला. उटलाच न्हाई."

म्हणजे नकार शस्त्रक्रियेला नव्हताच, तो झोपेला होता. आणि खरं तर त्यांना आधी झोपवणं मलाही नकोच होतं. असा गळा सुजलेल्या माणसाला थेट भूल दिली की स्नायू ढिले पडतात, जीभ मागे जाते आणि उरलीसुरली वाटही बंद होते. म्हणून जागेपणीच नाकातून बारीक दुर्बीण घालायची, तिच्यावरून श्वासाची नळी सरकवायची, ती जागेवर बसल्याची खात्री करायची आणि मगच झोपवायचं. तेही जमलं नाही तर गळ्याला छेद द्यायला कान-नाक-घशाचे सर्जन हात धुऊन शेजारी उभे राहणार होते. हे सगळं आबांना मराठीत सांगितलं, छेदाचंही लपवलं नाही. त्यांनी बोटानं विचारलं, आधी नळी? मग झोप? मी म्हटलं, "होय. नळी बसल्याशिवाय मी झोपवणार नाही." तेव्हा कुठे सहीसाठी हात पुढे केला.

घसा बधिर करायला लिग्नोकेनची वाफ द्यावी लागते, त्यात वेळ जातो. माणूस जागा आणि घाबरलेला असतो, त्याच्याशी बोलत राहावं लागतं. आबांची नजर माझ्या फुलावर होती, म्हणून मी त्यांना डॉक्टर लाँग यांची गोष्ट सांगायला घेतली.

जेम्स व्हेनेबल नावाच्या तरुणाच्या मानेवर मागच्या बाजूला दोन गाठी होत्या. काढून घ्यायला तो लाँग यांच्याकडे अनेकदा आला आणि दर वेळी दुखण्याच्या धास्तीनं पुढे ढकलून गेला. गाव लहान, डॉक्टरला सगळी पोरं ठाऊक. त्या काळी तिथली तरुण मंडळी संध्याकाळी जमून मौजेखातर ईथर हुंगायची, लाँगही त्यात असायचे. दुसऱ्या दिवशी अंगावर खरचटल्याच्या, मुका मार लागल्याच्या खुणा दिसायच्या, पण लागलं कधी ते कोणाला आठवायचं नाही. व्हेनेबललाही ईथरची सवय होती. लाँग यांनी त्याला विचारलं, ईथर हुंगत असतानाच गाठ काढली तर? तो तयार झाला. टॉवेलवर ईथर ओतलं, नाकाशी धरलं, गाठ काढली. शुद्धीवर आल्यावर व्हेनेबलचा विश्वास बसेना. गाठ हातात दाखवली तेव्हा पटलं. खातेवहीत दोन डॉलरची नोंद आहे.

मास्कच्या आतून आबांचे डोळे किंचित हसल्यासारखे झाले.

त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये बसवूनच घेतलं. दुर्बीण नाकातून खाली गेली. पडद्यावर आधी नुसती लाल सूज, वाट कुठेच दिसेना. "आबा, लांब श्वास घ्या." श्वासासरशी सूज जराशी बाजूला झाली आणि तिच्यामागे स्वरतंतूंची पांढरी कडा दिसली. पुन्हा श्वास, दुर्बीण आत, श्वासनलिकेची कडी दिसली, नळी सरकवली. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली, म्हणजे नळी बरोबर बसली. आबांनी अंगठा वर केला. मग मी त्यांना झोपवलं. पुढची भूल सेव्होफ्लुरेन या हुंगवायच्या औषधावर चालली, आणि सेव्होफ्लुरेन रसायन म्हणून ईथरच्याच कुळातलं. सर्जननी पू काढला, दाढही काढली.

सूज उतरेपर्यंत नळी ठेवून आयसीयूत, मग ती काढली. मी भेटायला गेले तर घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न, "त्या डाक्तराचं मोरं काय झालं?"

पुढचं मी सांगितलं. लाँग यांनी मोजक्या शस्त्रक्रिया ईथरवर केल्या, पण छापून काही आणलं नाही. आणखी पुरावा हवा, म्हणून थांबले. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये दाताचे डॉक्टर मॉर्टन यांनी भरल्या सभागृहात ईथरचं प्रात्यक्षिक केलं आणि जगभर त्यांचं नाव झालं. लाँग यांचा लेख आला १८४९ मध्ये. श्रेयाच्या भांडणात बाकीचे दावेदार उद्ध्वस्त झाले, होरेस वेल्सनी तर जीव दिला. लाँग गावातली प्रॅक्टिस करत राहिले, १८५१ पासून अथेन्सला. १६ जून १८७८ ला एका बाळंतपणाला गेले असताना त्यांना झटका आला आणि तिथेच गेले. आधी आई आणि बाळाकडे बघा, असं म्हणाले असं सांगतात. १९२६ पासून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, त्यांचा पुतळा आहे.

लाँग यांच्या त्या १८४९ च्या लेखातली एक गोष्ट मात्र मी आबांनाही सांगितली, कारण ती वगळून लाँग यांच्याबद्दल बोलणं मला जमत नाही. १८४५ च्या जानेवारीत त्यांनी एका गुलाम मुलाची दोन बोटं कापली. एक ईथर देऊन, दुसरं न देता, फरक बघायला. पहिलं कळलं नाही, दुसऱ्याला वेदना झाल्या, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. लेखात मुलाचं नाव नाही. व्हेनेबलला विचारलं होतं, त्याची भीती ऐकून घेतली होती, आणि माझ्या लेखी भूलशास्त्राची खरी सुरुवात त्या विचारण्यात आहे. त्या मुलाला नाही म्हणायची सोयच नव्हती. लाँग यांना मी मानते, आणि ही गोष्ट मला माफही करता येत नाही.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला बी त्या फोनवाल्यानं इचारलं न्हवतं. सांगितलं हुतं."

ते मी आमच्या विभागाच्या बैठकीत जसंच्या तसं मांडलं. आता रुग्णाची घरची भाषा कोणती, हा प्रश्न आमच्या भूलपूर्व तपासणीच्या कागदावर वरच आहे. इथल्या कोंबड्यांच्या कारखान्यांत ग्वाटेमालाहून आलेले कितीतरी कामगार आहेत. त्यांच्यासाठी सर्रास स्पॅनिश दुभाष्या लावला जायचा, आणि त्यातल्या अनेकांची मातृभाषा मायन कुळातली असते. परवा अशाच एका बाळंतिणीसाठी कान्होबाल बोलणारी दुभाषी मिळेपर्यंत आम्ही थांबलो. थांबण्याइतका वेळ हातात होता. तिला पाठीतलं इंजेक्शन नको होतं, का नको ते तिनं सविस्तर सांगितलं, मी उत्तरं दिली, मग ती हो म्हणाली.