हर्नियाचं समजलं, पण पोट कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. वन्संनी विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून विचारलं. शब्द इकडचे तिकडे, प्रश्न एकच: बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन कर, ते करायलाच हवं, पण त्यासोबत टमी टक, म्हणजे पोट सपाट करायचं ऑपरेशन, कशाला? मुलं मोठी झाली, आता कोणाला दाखवायचंय?

शेवटचं वाक्य सगळ्यांनी उच्चारलं नाही. पण मला ते ऐकू आलं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत असं तुम्ही धरून चालता. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पातळ, चिवट पट्टी असते. जुळ्यांच्या वेळी माझी ती पट्टी ताणली गेली, ती पुन्हा आवळलीच नाही. उताणं झोपून मान उचलली की बेंबीच्या वर ३ बोटं सहज आत जातात. साधारण २ सेंटिमीटरच्या वर अंतर गेलं की डॉक्टर त्याला डायस्टॅसिस म्हणतात. हर्निया म्हणजे त्याच पट्टीला बेंबीपाशी पडलेलं भोक. विरलेल्या कापडाला रफू केलं की शेजारी पुन्हा फाटतं, तशी भीती इथेही असते. म्हणून भोक बुजवताना जाळी बसवतात, आणि टमी टकमध्ये ते दोन्ही स्नायू जवळ ओढून शिवतात. जास्तीची कातडीही त्यातच काढतात. आणि कृपा करून व्यायामाचं सांगू नका. फिजिओथेरपीने माझी पाठ खरंच कमी दुखते. भोक मात्र व्यायामाने बुजत नाही, आणि सुटलेली कातडी आत जात नाही.

एवढं सांगितलं की तुम्हाला पटतं. "अगं, मग हे मेडिकलच आहे की," असं म्हणता. आणि तिथेच मी अस्वस्थ होते, कारण ते खरं असलं तरी पुरतं नाही.

गेल्या पावसाळ्यात घरात सगळ्यांना व्हायरल झाला आणि माझा खोकला काही केल्या जाईना. एरवी आडवं झालं की बेंबीवरचा फुगवटा बोटाने दाबून आत जायचा. त्या रात्री गेला नाही. हाताला कडक लागत होता, वरची कातडी लालसर झालेली, स्पर्श सहन होईना. मग उलट्या सुरू झाल्या. नवऱ्याने रिक्षा आणली. गोखले रोडवरच्या प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी पोट आवळून धरत होते.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "कितवा महिना?"

मी म्हटलं, हर्निया आहे, अडकलाय. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "प्रेग्नंट नाहीत ना?" नवरा म्हणाला, "नाही हो डॉक्टर, तिचं पोटच तसं आहे." तो घाबरलेला होता, त्याला लवकर उपचार सुरू व्हायला हवे होते. त्याला मी काही बोलले नाही, आजही बोलणार नाही. सिस्टरनी लघवीच्या तपासणीसाठी हातात प्लास्टिकची डबी दिली. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माझ्या वयाच्या बाईची ती तपासणी करतातच, करायलाच हवी. पण बाथरूमच्या दाराला टेकून, कळांनी वाकून, ती डबी धरून उभी असताना माझ्या डोक्यात हर्निया नव्हताच. "तिचं पोटच तसं आहे," एवढंच होतं.

नंतर सर्जन आले. पलंगाची पायाकडची बाजू उंच केली, गुडघे दुमडायला लावले, इंजेक्शन दिलं आणि हलक्या हाताने एकसारखं दाबत राहिले. गुळगुळ आवाज झाला आणि ते आत गेलं. "आतडं होतं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी जाईलच असं नाही. अडकून रक्त तुटलं तर आतड्याचा तुकडा कापावा लागतो." मी घाबरले. पण घरी येऊन रडले ते त्यासाठी नाही.

तेव्हा, कोणाला दाखवायचंय? कोणालाच नाही. मला विचारणं थांबायला हवंय. ठाणे फास्ट लोकलमध्ये कोणी पोटाकडे बघून जागा द्यायला उठू नये. परकराची नाडी नेमक्या त्या गाठीवर येते, ती कुठे बांधायची याचा रोज विचार करावा लागू नये. मे महिन्यात घडीखाली पुरळ उठतं, तिथे कँडिड पावडर लावायची वेळ येऊ नये. आणि हो, आरशात बरं दिसावं, हेही आहे. त्यासाठी आजाराचा दाखला का जोडावा लागावा?

ऑफिसातल्या एकीने लायपोसक्शन केलं तेव्हा "पैसे वर आलेत" असं मी म्हणाले होते. ती मी अजून गेलेली नाही. रात्री ती माझ्याशी भांडते: सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पैशांपायी पुढे ढकललंय आणि तुला सपाट पोट हवंय? मेडिक्लेममध्ये हर्नियाचा वेटिंग पिरियड संपलाय, तो खर्च मिळेल. कॉस्मेटिक भाग पॉलिसीत बसत नाही, तो सगळा खिशातून. तिच्या या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही.

भीतीही आहे. टमी टकमध्ये बेंबी तिच्या देठावर ठेवून भोवतालची कातडी सोडवतात, खाली ओढतात आणि नवं भोक पाडून बेंबी त्यातून बाहेर काढतात. कातडीकडून येणारं रक्त तुटतं, उरतं ते देठातून येणारं. माझा हर्निया त्याच देठापाशी. तिथे जास्त कापाकापी झाली तर बेंबी काळी पडू शकते. प्लास्टिक सर्जन म्हणतात, एका बाजूनेच शिरून किंवा दुर्बिणीतून हर्निया करू, दोघं सर्जन एकाच टेबलावर. हर्नियाचे सर्जन म्हणतात, आधी भोक बुजवू, बाकीचं पुढे बघू. पण पुढे म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा रजा, आणि आधीच बसवलेल्या जाळीवर काम. एकत्र केलं तर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण, पोटात ड्रेनच्या नळ्या, पहिले काही दिवस वाकून चालणं, सुमारे ६ आठवडे पोटाला पट्टा आणि जड उचलायचं नाही. आमची नौपाड्यातली बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून लवकर चालायचं, हेही बजावलंय.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं आजोळी जातील, तेव्हाची तारीख सर्जननी धरून ठेवली आहे. हर्निया त्या दिवशी होणार, त्यात बदल नाही. पोटाचं मी अजून ठरवलेलं नाही. केलंच, तर तुम्हाला "हर्नियाचं ऑपरेशन झालं" एवढंच सांगून मोकळी होणार नाही. दोन्ही केलं, असंच सांगेन.