सोलापूर ते नळदुर्ग: बंड, बंदोबस्त आणि मतपेटी

सोलापूरला येणाऱ्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सिद्धेश्वराचं दर्शन, अक्कलकोट, जमलं तर तुळजापूर, आणि जाताना चादरी नि शेंगाचटणी. आम्ही या खेपेला वेगळी वाट धरली. १९३० चा मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल, १९४८ ची पोलीस कारवाई म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजांनी केलेली चढाई, आणि १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक यांच्या खुणा शोधत शहरातून सुरुवात केली आणि नळदुर्गापर्यंत गेलो. मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. निवडणूक आली की ड्युटी लागतेच. केंद्राच्या दारात बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई बघितला की दर वेळी मनात येतं, माणसं बंड करून उठलेली असताना सुव्यवस्था राखायची कुणी, कुणासाठी, आणि त्या धामधुमीतून मतदानाच्या रांगेपर्यंत आपण आलो कसे? पुस्तकात याला एक-दोन परिच्छेद मिळतात. सोलापूरच्या पट्ट्यात ते सगळं पायाखाली येतं.

पुण्याहून येणार असाल तर हुतात्मा एक्सप्रेसनं या. गाडीचं नाव ज्या चौघा हुतात्म्यांवरून पडलं, त्यांच्याच गावी निघालोय हे ध्यानात ठेवून बसा. ती सकाळी सोलापूरहून सुटते आणि संध्याकाळी पुण्याहून परतते, म्हणजे तुम्ही रात्री पोचता. स्टेशनजवळ मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे बाहेर पडा. मुंबईकरांना वंदे भारत आहे. एप्रिल-मे मात्र टाळाच. दुपारी रस्त्यावर पाऊल टाकवत नाही.

माझा मामेभाऊ इथलाच, त्यामुळे गाडी आणि वाटाड्या दोन्हींची सोय झाली. त्यानं पहिल्यांदा चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे नेऊ का विचारलं. मी म्हटलं, नको, आधी रूपाभवानी. घटना जशा घडल्या त्याच क्रमानं बघायच्या होत्या, आणि तुम्हीही तसंच करा असं मी आग्रहानं सांगेन.

रूपाभवानीचं देऊळ तुळजापूर रस्त्याच्या बाजूला आहे. नवरात्रात इथं पाय ठेवायला जागा नसते, एरवी निवांत असतं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांचं हे शहर पेटलं. ८ मे रोजी या परिसरात शिंदीची, म्हणजे जिच्यापासून दारू काढतात ती, झाडं तोडण्याचा सत्याग्रह झाला. पोलिसांनी धरपकड केली, जमाव जमला, गोळीबार झाला. झेंडा हाती घेऊन पुढे झालेला शंकर शिवदारे हा तरुण तिथंच पडला. मग जमाव शहराकडे वळला. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, त्यात शिपाई मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. गोऱ्यांची कुटुंबं स्टेशनच्या आसऱ्याला गेली आणि शहरातून पोलीस दिसेनासे झाले.

देवळापासून मंगळवार पेठेपर्यंत आम्ही मुद्दाम पायी गेलो. गाडीत बसून हे अंतर नुसतं निघून जातं. चालताना कळतं की संतापलेल्या जमावाला तेवढा वेळ होता, आणि त्याला वाटेत अडवणारं कुणी नव्हतं. पेठेत बाजाराच्या वेळी गाडी घालू नका, दुचाकीलाही वाट मिळत नाही. सकाळी दुकानं उघडायच्या आत गेलात तर गल्ल्यांची रचना नीट दिसते.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. ९, १० आणि ११ मे. सरकारी अंमल नाही, पोलीस नाहीत, आणि शहरात हजारो गिरणी कामगार. अशा वेळी लूटमार होईल असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी चौकाचौकात उभं राहून रहदारी सांभाळली, पेठांवर लक्ष ठेवलं. सोलापूरकर आजही त्या दिवसांबद्दल अभिमानानं बोलतात, आणि तो अभिमान रास्त आहे. बंदोबस्त हा बंदुकीवर चालतो ही समजूत या शहरानं तेव्हा मोडून काढली.

१२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. गांधी टोपी घालणं गुन्हा ठरलं, झेंडा बाळगणं गुन्हा ठरलं. त्याच्या महिनाभर आधी, ६ एप्रिलला, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते राष्ट्रीय झेंडा चढला होता. असं करणारी ही देशातली पहिली नगरपालिका, असं इथं सांगतात. माझ्या दृष्टीनं निवडणुकीचा धागा इथंच सुरू होतो. मताधिकार तुटपुंजा होता, तरी लोकांनी निवडून दिलेली माणसं त्या सभागृहात बसत होती, आणि सरकारला त्या सभागृहाच्या झेंड्याची धास्ती वाटली. आजची महापालिका ज्या इंद्रभुवनात आहे ती वारदांची जुनी देखणी वास्तू आहे. ती जरूर बघा, फक्त १९३० चा झेंडा याच इमारतीवर लागला होता असं समजून फोटो काढू नका.

मग पुतळे. पार्क चौकाजवळ चौघे उभे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चौकीतल्या शिपायांच्या खुनाचा आरोप ठेवून त्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. शहर ज्या माणसांचं बनलेलं होतं तीच माणसं तिथं उभी आहेत. पुतळ्यांसमोर फुलं ठेवायला आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "कुठल्या गावच्या, ताई?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पोरांना घेऊन या की इकडं. नुसतं फळ्यावर शिकवून कळत नाही हे." सहल काढायची झाली तर पहिलं ठिकाण हेच ठेवणार आहे. १२ जानेवारीला इथं अभिवादन असतं, आणि त्याच आठवड्यात संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, गड्डा, भरतो. गर्दीची तयारी असेल तर दोन्ही एकदम बघायला मिळतं. नसेल तर तो आठवडा सोडून या. जवळच भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचा तलाव आहे. तिथं तासभर बसा, पाय मोकळे करा.

दुपारी जेवलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, ताक. एवढंच पुरे, कारण पुढं नळदुर्ग गाठायचा होता.

हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग चांगला आहे. शहर सोडलं की तासाभरात नळदुर्ग. गाडी नसेल तर सोलापूर स्थानकावरून उमरगा-हैदराबादकडच्या एसटी मिळतात. या रस्त्यानं जाताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: १९४८ मध्ये इथं मधेच राज्य बदलत होतं. सोलापूर भारतात, नळदुर्ग निजामाच्या मुलखात. सरहद्द सरळ नव्हतीच. एकाची गावं दुसऱ्याच्या पोटात, बार्शी तालुका तर निजामाच्या मुलखानं वेढलेला. कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावं लुटायला सुरुवात केली तेव्हा माणसं पळून सोलापूर-बार्शीच्या बाजूला आली, आणि हैदराबाद संस्थानातल्या स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी सरहद्दीवर कॅम्प उभे केले. त्या कॅम्पांतून निजामाच्या नाक्यांवर, ठाण्यांवर हल्ले होत. हे सशस्त्र बंडच होतं. बार्शी रस्त्यावरचं नान्नज लोक आज माळढोक अभयारण्यासाठी ओळखतात. जुलै १९४८ मध्ये तिथं निजामाच्या बाजूनं भारतीय तुकडीवर हल्ला झाला आणि लष्करानं गाव ताब्यात घेतलं.

१३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरहून निघाली. पहिली चकमक नळदुर्गाला. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत हाती लागणं गरजेचं होतं, आणि तो शाबूत लागला. त्याच दिवशी दुपारी रणगाडे उमरग्याला पोचले. १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम दिला.

किल्ल्यात शिरल्यावर सगळे पाणी महालाकडे धावतात. धावावंच, बोरीचं पाणी अडवून बांधाच्या पोटात बांधलेला हा आदिलशाही महाल, भरल्या पाण्यात नर-मादी धबधबे वाहू लागले की डोळ्याचं पारणं फिटतं. ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम, पण दगड शेवाळलेले असतात, मुलांचे हात सोडू नका. नंतर मात्र नदीकडच्या तटावर या आणि महामार्गाच्या दिशेनं बघा. सोलापूरकडून येणारी वाट या किल्ल्याच्या टप्प्यात कशी होती ते तिथं उभं राहिल्यावर उमगतं. संध्याकाळच्या आत खाली उतरा, आतला फेरा मोठा आहे. पाणी बरोबर ठेवा.

तिथं बसून आम्ही एका गोष्टीवर बराच वेळ बोललो. फौजा पुढं गेल्यावर मागं ज्या कत्तली झाल्या त्या आपण मुलांना सांगत नाही. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं नंतर दौरा केला. मृतांचा तिचा अंदाज २७ हजार ते ४० हजार होता, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, म्हणजे आम्ही बसलो होतो तोच जिल्हा, आजचा धाराशिव. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते. रझाकारांनी मारलेल्यांचं दुःख जितकं खरं, तितकंच हेही खरं. १७ सप्टेंबरला झेंडावंदनासाठी नळदुर्गाला जाणाऱ्यांनी ही दोन्ही दुःखं मनात घेऊन जावं.

"ताई, मग मतदान कधी झालं इथं?" भावानं विचारलं. साडेतीन वर्षांच्या आत. आधी लष्करी गव्हर्नर, मग १९५० पासून मुलकी कारभार, आणि १९५२ च्या सुरुवातीला मतदान. पलीकडे तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा ऑक्टोबर १९५१ मध्ये मागं घेतला गेला होता. पक्षावर बंदी होती, म्हणून ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावानं उभे राहिले, आणि नलगोंड्यातून रवी नारायण रेड्डी नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेऊन लोकसभेत गेले. काही महिन्यांपूर्वी रानात बंदूक घेतलेली चळवळ विधानसभेत मुख्य विरोधी पक्ष झाली. निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्यातून निवडून आले. आणि सोलापूर? दोन सदस्यांच्या या मतदारसंघानं काँग्रेसला एकही जागा दिली नाही. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) शंकरराव मोरे आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज दिल्लीला गेले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. अक्षरओळख नसलेली बाई आडोशाला जाऊन चित्र बघून कागद टाकायची. माझ्या हातून आज किती मतदान यंत्रं सील होतात. त्या पेटीचा विचार मनात आला की ते काम जास्त काळजीनं करावंसं वाटतं.

परतल्यावर सोलापूरच्या पूर्वभागात एक चक्कर माराच. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं, तेलुगू पाट्या, यंत्रमागांचा खडखडाट. नलगोंड्याची गोष्ट सोलापूरला परकी का नाही, ते इथं समजतं. कारखान्यात शिरायचं तर मालकांना आधी विचारा, चालत्या मागाजवळ ओढणी-पदर सांभाळा.

शेवटी आचारसंहितेच्या दिवसांत येणाऱ्यांसाठी. महामार्गावर नाकाबंदी असते, भरारी पथकं गाड्या तपासतात. ५० हजारांच्या वर रोकड असेल तर बँकेची पावती जवळ ठेवा, नाहीतर रक्कम अडकून पडते. चादरींची घाऊक खरेदी करणाऱ्यांना हे नेहमी नडतं. डिकी उघडायला सांगितली तर उघडा, वाद घालू नका, ओळखपत्र वर ठेवा. मतदानाच्या दिवशी दुकानं आणि माग बंद असतात, तेव्हा पूर्वभाग आदल्या दिवशीच उरकून घ्या.