जुलै १७५५

पेनसिल्व्हेनियातील एका लिलावघरात जुन्या शस्त्रांची तपासणी करून त्यांची सूची लिहिणे हे माझे काम आहे. अठराव्या शतकात लँकेस्टर परिसरातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडवलेल्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या, लांब रायफली आणि त्यांच्या जोडीची दारूची शिंगे माझ्या टेबलावर नेहमी येतात. (हे शिंग बंदुकीच्या दारूचे, पुण्याला फोनवर आईला प्रथम सांगितले, तेव्हा तिची समजूत घालण्यात बराच वेळ गेला.)

मागच्या हिवाळ्यात एक वृद्ध शेतकरी गोधडीत गुंडाळून दोन्ही वस्तू घेऊन आले. रायफल त्यांनी काहीशा संकोचाने बाजूला ठेवली, कारण तिच्या दस्त्यावरील पितळी डबीचे झाकण हरवले होते. शिंग मात्र त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरले. त्यावर न्यूयॉर्कपासून हडसन नदीच्या काठाने ऑल्बनीपर्यंत आणि पुढे लेक जॉर्जपर्यंतचा नकाशा, किल्ल्यांची चित्रे आणि ‘जुलै १७५५’ अशी अक्षरे कोरलेली होती. उत्तर अमेरिकेत ब्रिटिशांनी फ्रेंचांविरुद्ध लढलेल्या त्या युद्धात सैनिक अशी शिंगे खरोखरच कोरून घेत, आणि संग्राहकांचा जीव त्यांवरच अधिक असतो. आपला पूर्वज त्या मोहिमेत होता, असे त्यांनी सांगितले.

मी सूचीतील मजकुराची पहिली ओळ लिहूनही टाकली होती. मग महिन्याकडे पुन्हा लक्ष गेले आणि हात थांबला. त्या सरोवराला फ्रेंच लोक सेंट-सॅक्रमेंट म्हणत. ब्रिटिश बाजूचा सेनानी विल्यम जॉन्सन याने त्याला ‘लेक जॉर्ज’ हे नाव दिले ते १७५५च्या ऑगस्टअखेरीस, आणि शिंगावर ज्याचे बुरूज दिमाखात उभे होते, त्या फोर्ट विल्यम हेन्रीचे बांधकाम तर ८ सप्टेंबरच्या लढाईनंतर सुरू झाले. जुलैमध्ये हे दोन्ही कोणाला ठाऊक असणे शक्यच नव्हते.

तरीही केवळ तारखेवर निकाल द्यायचा नाही, असा माझा शिरस्ता आहे. कोरणाऱ्याने मोहिमेची तारीख मागाहून आठवून घातली असेल, असे म्हणायला जागा उरते. म्हणून मी शिंग भिंगाखाली घेतले. निमुळत्या टोकाकडे किड्यांनी शिंग खाल्ल्याच्या दोन उथळ चऱ्या होत्या. रेघ जुनी असती, तर किड्याने शिंगाबरोबर तीही खाल्ली असती आणि चरीच्या काठाशी ती तुटली असती. येथे नदीची रेघ चरीच्या तळापर्यंत उतरून दुसऱ्या काठाने वर आली होती. म्हणजे आधी कीड लागली आणि नदी नंतर वाहिली. शिवाय अंगाला घासून गुळगुळीत झालेल्या बाजूवरही रेघांतील काळा रंग तितकाच गडद होता. शिंग मात्र अस्सल जुने होते: बुडाचा लाकडी गट्टू आडव्या अंगाने आकसून किंचित लांबट झाला होता आणि त्याच्या कडेच्या बारीक लाकडी खुंट्या अजून जागेवर होत्या.

रायफलीला वेळ कमी लागला. १८२०नंतर टोपीचा चाप (स्फोटक भरलेल्या छोट्या टोपीवर घाव घालून दारू पेटवणारा) आल्यावर बहुतेक मालकांनी चकमक काढून टाकली आणि पुढे भाव यावा म्हणून कित्येक रायफलींवर ती पुन्हा बसवली गेली. तशा बंदुकीच्या लॉकवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या यंत्रणेवर, बुजवलेली भोके आणि कानात, म्हणजे आतल्या दारूपर्यंत आग पोचवणाऱ्या छिद्रात, नवी धातूची नळी सापडते. येथे दोन्ही नव्हते. रंजक (बाहेरून पेटवायची दारू) पेटून पेटून कानाभोवतीचे लोखंड खडबडीत झाले होते आणि त्याला लागून असलेले मेपलचे लाकूड करपले होते. दुरुस्तीचा हात तिला लागलाच नव्हता.

मी हे सर्व त्यांना भिंगातून दाखवले. कोरीवकाम नसते तर साधे शिंग म्हणून त्याला आजच्यापेक्षा अधिक किंमत आली असती, हे सांगणे मला जड गेले. त्यांनी चरीवरून अंगठा फिरवला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “आमच्या काकांचा हात फार चांगला होता. लाकडी बदके कोरायचे ते.”

रायफल त्यांनी लिलावासाठी ठेवली. शिंग गोधडीत गुंडाळून ते परत घेऊन गेले.