बंपरमागचा फिल्टर

माझ्या 1,200 सीसीच्या लहान पेट्रोल गाडीचा मूळ एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरची बंद पेटी) काढून तिथे कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारा पाइप आणि फिल्टर, बसवल्याला आता वर्ष होत आले आहे. या काळात मी त्याची जागा एकदा बदलली, एक गळती शोधून काढली आणि पुष्कळ आकडे टिपून ठेवले. हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मला आधी एकच सांगावेसे वाटते की फिल्टर कोणता घेतला यापेक्षा तो हवा कुठून ओढतो, याकडे अधिक लक्ष द्यावे.

चार-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतो, म्हणून 1,200 सीसीचे इंजिन 6,000 आरपीएमवर, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा असताना, हिशेबाने मिनिटाला 3,600 लिटर हवा मागते. इंजिनाला मात्र लिटरशी नव्हे, तर हवेच्या वजनाशी कर्तव्य असते, कारण एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हवा तापली की विरळ होते. दाब तोच राहिला तर 30 अंश सेल्सिअसच्या तुलनेत 60 अंशांवरची हवा सुमारे नऊ टक्के हलकी असते. शिवाय गरम हवेने नॉकिंगचा (सिलिंडरमधले मिश्रण अवेळी पेटण्याचा) धोका वाढत असल्यामुळे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद आणखी घटते.

हे सगळे मला ठाऊक होते, तरीही पहिल्या खेपेस मी शंकूच्या आकाराचा फिल्टर बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे उघडाच बसवला, कारण किटबरोबरचा पाइप तिथेच सरळ पोहोचत होता. ॲक्सिलरेटर दाबताच येणारा खोल, भरदार आवाज ऐकून गाडी हलकी झाल्यासारखे वाटले. तो आवाज ताकदीचा पुरावा मात्र नव्हता. मूळ पाइपवर जी बंद पोकळ डबी असते ती रेझोनेटर होय; हवेच्या स्पंदनांचा आवाज दाबण्यासाठी ती दिलेली असते आणि ती काढली की तेच इंजिन अधिक मोठ्याने बोलू लागते.

खरी स्थिती ओबीडी रीडरने, म्हणजे ईसीयूकडचे आकडे दाखवणाऱ्या उपकरणाने, दाखवली. काम सुरू करण्यापूर्वी मी मूळ एअर बॉक्ससह इनटेक हवेचे तापमान नोंदवून ठेवले होते आणि ही सवय मी सर्वांना आग्रहाने सुचवेन, कारण आधीच्या नोंदीशिवाय नंतरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. बाहेर 31 अंश असताना मूळ रचनेत वेगात 37 अंश आणि दहा मिनिटे उभ्या गाडीत 52 अंश दिसत होते. उघड्या फिल्टरने तेच आकडे 45 आणि 64 वर नेले. कारखान्यातून आलेला एअर बॉक्स बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीजवळून किंवा फेंडरमधून बाहेरचीच हवा घेत असतो, म्हणजे मी पदरचे पैसे घालून इंजिनाला आधीपेक्षा गरम हवा देत होतो.

दुसऱ्या खेपेस पाइप फेंडरच्या पोकळीतून खाली नेऊन फिल्टर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यामागे बसवला. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करणे, एअरफ्लो सेन्सरचा (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) प्लग क्लिप दाबून हलक्या हाताने काढणे, 10 मिमीच्या पान्याने एअर बॉक्सचे बोल्ट सोडवणे आणि थ्रॉटल बॉडीचे तोंड लगेच स्वच्छ फडक्याने झाकणे, एवढे तासाभरात आटोपते. खरा वेळ गेला तो पाइप कशालाही घासणार नाही असा बसवण्यात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलत असते आणि बॉडी स्थिर असते, त्यामुळे पाइप दोन्हींना घट्ट जखडला तर जोड सैल होतात किंवा फाटतात; मधे सिलिकॉनचा लवचिक जोड आणि ब्रॅकेटखाली रबर हवेच.

पाइपच्या व्यासाबाबत मी अजिबात तडजोड केली नाही. हॉट-वायर एअरफ्लो सेन्सरमध्ये एक बारीक तापवलेली तार असते आणि ती ठरावीक तापमानाला ठेवण्यासाठी किती वीज लागते, यावरून हवेचे वजन मोजले जाते. हे गणित सेन्सरभोवतीच्या नळीचा व्यास ठरावीक आहे असे धरूनच बसवलेले असते. नळी रुंद केली तर तारेजवळचा वेग घटतो, ईसीयू हवा कमी आली असे समजतो आणि पेट्रोल कमी सोडतो. म्हणून सेन्सरचा मूळ प्लास्टिकचा भाग मी जसाच्या तसा नव्या पाइपमध्ये जोडला. तेल लावलेला कापडी फिल्टर वापरणाऱ्यांनी धुतल्यानंतर तेल बेतानेच लावावे, कारण जादा तेल या तारेवर बसते आणि मोजणी चुकू लागते.

एवढे करूनही चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. आयडलिंगला (गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती, +14 टक्के होता आणि आरपीएम वाढवला की तो तीन-चारवर उतरत होता. न मोजलेली हवा आत शिरत असल्याची ही ओळखीची खूण आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाच्या) सगळ्या व्हॅक्यूम नळ्या तपासल्या, त्या ठीक निघाल्या. दोष सापडला ब्रेदर पाइपच्या, म्हणजे क्रँककेसला (क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीला) इनटेकमधून हवा देणाऱ्या नळीच्या, जोडात. नव्या पाइपवरचे तोटीसारखे टोक मूळ टोकापेक्षा किंचित बारीक होते, आणि आयडलिंगला पीसीव्ही व्हाल्व्ह क्रँककेसमधली हवा मॅनिफोल्डमध्ये ओढत असताना तिची भरपाई या फटीतून, म्हणजे सेन्सरला वळसा घालून, होत होती. मधे योग्य मापाचा रबरी जोड घालून दोन्ही बाजूंना क्लिप आवळल्यावर ट्रिम दोन टक्क्यांवर आला.

आता वेगात 34 अंश आणि उभ्या गाडीत 48 अंश दिसतात. मूळ रचनेपेक्षा वेगातला फरक तीन अंशांचा, म्हणजे हवेच्या घनतेत जेमतेम एक टक्का. एवढी ताकद चालकाच्या पाठीला जाणवत नाही, हे मी स्पष्टच लिहितो. मायलेजही बदलले नाही आणि त्याचे कारण सरळ आहे, नेहमीच्या चालवण्यात अर्धवट बंद असलेला थ्रॉटलच हवेला सर्वांत मोठा अडथळा असतो, फिल्टर नव्हे. मला मोल वाटते ते वेगळ्या गोष्टीचे: बराच वेळ खोळंबून गाडी पुन्हा सुटली की इनटेकचे तापमान पूर्वीपेक्षा लवकर खाली येते आणि पिकअपमधला जडपणा लवकर जातो.

बंपरमागच्या जागेला पाण्याची भीती मात्र आहे. फिल्टर साचलेल्या पाण्यात बुडाला तर पाणी थेट सिलिंडरपर्यंत ओढले जाऊ शकते, आणि पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून मूळ एअर बॉक्स त्याच्या बोल्ट-क्लिपांसह मी जपून ठेवला आहे आणि पावसाळा तोंडावर आला की तोच परत गाडीवर चढवतो.