तुम्ही विचारलंत म्हणून: चकचकीत गोटी गनला का नको

पेठ नाक्यावर माझं चाकांचं आणि हबचं काम चालतं. गनला, म्हणजे ठोके मारून नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट रेंचला, काळी गोटी (नटावर बसणारं सॉकेट) चढवली की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "घरी हाताच्या गोट्यांचा चकचकीत सेट पडलाय, तोच लावला तर काय बिघडतं? ही दुप्पट पैशांची कशाला?" बॅटरीवरच्या गन घरोघरी आल्यापासून फोनवरही हेच. मी सांगायला लागलो की समोरचा 'दुकानदाराकडून कमिशन असणार' अशा नजरेनं बघतो. कमिशन नाही. एकदा नीट ऐकून घ्या.

टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, हातानं ओढता तेव्हा गोटीवर जोर हळूहळू चढतो. गन तसा जोर लावत नाही. तिच्या आतला हातोडा मिनिटाला हजारांवर ठोके मारतो आणि प्रत्येक ठोका गोटीतून नटापर्यंत जातो. हाताची गोटी बहुतेक क्रोम व्हॅनेडियमची, जास्त कडक केलेली, अडचणीत शिरावी म्हणून भिंतीला पातळ. गनची बहुतेक क्रोम मॉलिब्डेनमची, जाड, थोडी मऊ ठेवलेली. वाळकी काटकी कडकन मोडते, ओला फोक वाकतो, तसं आहे हे.

"आम्ही कित्येक वर्षं चकचकीतच वापरतोय, काही झालं नाही." हे मीही म्हणायचो, तावातावानं म्हणायचो. फुटते ती स्वस्तातली, चांगल्या कंपनीची फुटत नाही, असं माझं ठाम मत होतं.

तेव्हा मी आणि माझा मावसभाऊ एका गॅरेजमध्ये कामाला होतो. उसाचा हंगाम, रात्रीची वेळ, भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला बसलेली. ३२ मिलिमीटरची काळी गोटी दुसरीकडे गेली होती. उस्तादांनी हाताच्या सेटमधली ३२ काढून दिली, पाऊण इंची (गनच्या टोकावर बसणाऱ्या चौकोनी भोकाचं माप), चांगल्या कंपनीची. भाऊ गन धरून बसला, मी शेजारी टॉर्च धरून. पहिले काही नट निघाले, कुणाला काही वाटलंही नाही. मग एक गंजलेला नट आला. गन थडथडत राहिली, नट हलेना, आणि एकदम आवाज बदलला. गोटी आतल्या कोपऱ्यातून उभी चिरली. एक तुकडा भावाच्या गालाच्या हाडावर बसला, डोळ्याच्या जेमतेम खाली. रात्रीच मिरजेला नेलं. गालाला टाके पडले, आणि पापणीत रुतलेली क्रोमची बारीक खपली डॉक्टरांनी वेगळी काढली. डोळा वाचला. गोटीचे तुकडे मी दुसऱ्या दिवशी उचलून बघितले: तुटलेली बाजू राखाडी, रवाळ, कुठेही वाकल्याची खूण नाही. आधी ताणली असती, वाकडी झाली असती, तर आम्ही थांबलो असतो. तिनं काही कळूच दिलं नाही. आणि ती स्वस्तातली नव्हती.

उस्तादांना दोष देऊ का? त्यांच्या जागी भरली ट्रॉली आणि मागे कारखान्याचा फोन असता तर मी काय केलं असतं, हे आजही छातीठोक सांगता येत नाही.

आता घेताना काय बघायचं. काळा रंग बघून घेऊ नका. रंग कशालाही देता येतो. अंगावर 'इम्पॅक्ट' कोरलंय का बघा, भिंतीची जाडी बघा. पाऊण आणि एक इंचीला पिन आणि रबरी रिंग बसायला आडवं भोक आणि खाच असते, ती बघा. क्रोम व्हॅनेडियमच्या इम्पॅक्ट गोट्याही मिळतात, तेव्हा नुसतं धातूचं नाव वाचून निकाल लावू नका. आयएसओ २७२५ या मानकातही हातानं चालवायच्या आणि यंत्रावरच्या गोट्यांचे भाग वेगळे आहेत. हा काही माझा हट्ट नाही.

सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यांवरच धरते आणि गंजलेला नट गोल करून ठेवते. माप तंतोतंत हवं. १९ मिलिमीटर आणि पाऊण इंच एकमेकांना चालून जातात, पण २१ च्या नटाला २२ घातली की प्रत्येक ठोका आधी त्या फटीत जातो. मारुतीला बहुतेक १९, ह्युंदाईला २१, हे पाठ असलं तरी नट पुसून लावून बघा. अलॉय व्हीलसाठी पातळ भिंतीची, प्लॅस्टिकचं आवरण असलेली इम्पॅक्ट गोटी मिळते. एक्स्टेन्शन आणि अडॅप्टरही गनचेच लागतात. काळी गोटी आणि मध्ये चकचकीत एक्स्टेन्शन, हे मी रोज बघतो आणि रोज बोलतो.

चकचकीत सेट भंगारात घाला असं मी म्हणत नाही. चाकाचा नट शेवटी टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आवळायचा, तिथे तो उत्तम. डोळ्याला चष्मा मात्र काळी गोटी असली तरी लावायचाच, कारण तीही कधीतरी चिरते. कधी बदलायची, यावर माझं आणि दुकानातल्या पोरांचं अजून जमत नाही. ती म्हणतात चीर दिसेपर्यंत चालवू. आतले कोपरे घासलेले दिसले की मी काढून टाकतो, आणि पैसे कुणाचे जातात यावरून परत वाद होतो.