पहिली रायफल, पहिला स्कोप : मचाणापर्यंतच्या नोंदी

मे, शेवटचा आठवडा

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आलो त्याला नऊ वर्षं झाली. यंदा पहिल्यांदा हरणांच्या शिकारीच्या मोसमात उतरायचं ठरवलं आहे. ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांची रिचलंड काउंटीत जमीन आहे, निम्मी ओकची झाडी, निम्मा मका. त्यांनी ‘ये’ म्हटलं आणि मी त्याच रात्री रायफली बघायला बसलो. काडतूस .३०८चं की ६.५ क्रीडमूरचं, यावर तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी गावी फोन केला, तेव्हा बाबा म्हणाले, “खंय बसतलस ता आधी ठरव, बंदूक मगे.”

आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भातात रानडुकरं उतरली की आजोबा शेतातल्या मांगरातून बार काढायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. मी ती कधी हातात धरली नाही, पण आजोबा बसायची जागा किती विचार करून निवडत ते लहानपणी पाहिलं आहे.

म्हणून शनिवारी अंतर मोजायचा रेंजफाइंडर घेऊन जमिनीवर गेलो. या भागात हिमनद्या पोहोचल्याच नाहीत, त्यामुळे टेकड्या आणि अरुंद दऱ्या तशाच राहिल्या आहेत. लांबवरचं मोकळं दिसत नाही. मचाण बांधायच्या झाडापाशी उभं राहून मोजलं. ओढ्याकडची वाट ५५ यार्ड, मक्याचा कोपरा ८२, आणि सर्वांत लांब, पलीकडच्या कुंपणापर्यंत, १३८. या तीन आकड्यांनी माझी निम्मी खरेदी ठरवून टाकली. तीनशे यार्डांच्या चर्चा मी त्या दिवसापासून वाचणं सोडलं.

जून

हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना घरून काही शिकायला मिळत नाही. नळी कुठे रोखलेली आहे हे सतत भानात ठेवायची सवय मला त्या वर्गातच लागली.

माझं ग्रीन कार्ड आहे. एच-वन-बीवर असलेल्या मित्रांसाठी सांगतो : अशा व्हिसावर असताना बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवाना असणाऱ्यांना त्यात सवलत आहे, पण नुसतं ऐकून जाऊ नका, वकिलाला विचारा. आपापल्या राज्याचे नियमही आधी बघा. विस्कॉन्सिनमध्ये नेहमीची रायफल चालते. ओहायोत मात्र हरणासाठी रायफलीला सरळ भिंतीचं, म्हणजे तोंडाशी न आवळलेलं, काडतूसच लागतं, तिथे .३०८ घेऊन उपयोग नाही.

जुलै

ही नोंद लांबणार आहे, कारण या महिन्यात मी सर्वांत जास्त शिकलो.

नेमबाजीच्या रेंजवर एका ओळखीच्याने त्याची मोठ्या काडतुसाची .३०० विंचेस्टर मॅग्नम हातात दिली. पहिला बार चांगला लागला. दुसरा थोडा बाजूला. चौथा लक्ष्याखालच्या मातीत गेला. मला वाटलं, स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, हलला. तो काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी मॅगझिन त्याने भरलं आणि मला न सांगता मध्ये एक डमी काडतूस घातलं. चाप ओढला, नुसतं ‘टक्’ झालं, आणि नळी दोन बोटं खाली गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. धक्का बसायच्या आधीच माझं अंग दचकत होतं.

हे दचकणं एकदा लागलं की सहज जात नाही. तीन आठवडे फक्त जवळपास धक्का नसलेल्या .२२वर काढले, रोज पन्नास गोळ्या, मधूनमधून डमी. मग कुठे नळी स्थिर राहायला लागली. नव्याने येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : मोठ्या काडतुसावर पहिला हात टाकू नका. धक्क्याच्या भीतीने फुफ्फुसांऐवजी पोटात लागलेली गोळी कितीही शक्तिशाली असली तरी ते जनावर तासन्‌तास तडफडतं.

काडतुसांची निवड मग सोपी झाली. .३०-०६ माझ्या अंतरासाठी गरजेपेक्षा जास्त. .२४३चा धक्का सर्वांत कमी, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ते पुरतं, पण त्यात नेमाची जागा अगदी अचूक लागते. पहिल्या वर्षी मला थोडी मोकळीक हवी होती. शेवटी ७ एमएम-०८ ठरवलं. .३०८चंच काडतूस, तोंडाशी आवळून ७ मिलिमीटरच्या गोळीसाठी केलेलं. रेमिंग्टनने ते १९८०मध्ये बाजारात आणलं. १४० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास निघते आणि धक्का .३०८पेक्षा हलका. एक अडचण खरी आहे, .३०८ जशी प्रत्येक दुकानात मिळते तशी ही मिळत नाही. म्हणून मिळाल्या तेव्हा एकाच लॉटच्या पाच पेट्या घेऊन ठेवल्या.

ऑगस्ट

रायफल निवडायला दुकानात हिवाळ्याचा जाड कोट घेऊन गेलो. बाहेर तीस अंश सेल्सिअस. माझी उंची पाच फूट चार इंच, आणि रायफलींचे नेहमीचे दस्ते साधारण पावणेचौदा इंच लांबीचे असतात. त्यावर नोव्हेंबरचा कोट चढला की दस्ता खांद्यात नीट बसतच नाही, बगलेकडे सरकतो. टी-शर्टवर बघितलं असतं तर हे कळलंच नसतं.

टिक्का टी३एक्स रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, हातात घेतला आणि सोडवेना, इतका अलगद सरकतो. पण दस्ता लांब पडला. रुगर अमेरिकन स्वस्त आणि हलकी, फक्त हलक्या रायफलीचा धक्का जास्त जाणवतो हे जुलैने मला शिकवलं होतं. सॅव्हेज ११०च्या दस्त्यात चकत्या घालून-काढून लांबी बदलता येते, गालाची उंचीही बदलते. सर्वांत आखूड केली, कोट घातला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावली आणि डोळे उघडले. नजर थेट बरोबर उंचीवर. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. तीच घेतली. फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासणी त्याच वेळी झाली.

सप्टेंबर, पहिला आठवडा

स्कोपसाठी मी दुकानात मुद्दाम सूर्यास्ताच्या वेळी गेलो. दिव्यांच्या लखलखाटात सगळे स्कोप चांगलेच दिसतात. विक्रेत्याने समजून घेतलं आणि तीन स्कोप दाराबाहेर आणून दाखवले. पार्किंगच्या टोकाला एक ओक होता, त्याच्या सालीच्या भेगा किती वेळ दिसतात ते बघत राहिलो.

यामागचं गणित साधं आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा (चित्र किती पट मोठं दिसतं तो आकडा), म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास. ३-९×४०चा, म्हणजे ३ ते ९ पट मोठेपणाचा आणि ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप ९वर ठेवला तर ४० भागिले ९, साडेचार मिलिमीटरही नाही. ६वर ठेवला तर साडेसहाच्या वर. अंधारात डोळ्याची बाहुली साधारण पाच ते सात मिलिमीटर उघडते. म्हणजे संधिप्रकाशात मोठेपणा कमी केला की चित्र उजळतं, त्यासाठी पन्नास मिलिमीटरचं जड भिंग लागत नाही. मी ९वरून ५वर आणलं तेव्हा विझलेली साल पुन्हा दिसायला लागली. इथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी नेम धरायची मुभा असते आणि हरणं नेमकी त्याच वेळी हलतात, म्हणून अशी जास्तीची दिसणारी काही मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

स्कोप बनवणाऱ्या व्होर्टेक्सचं मुख्यालय आमच्या जवळच बार्नेव्हेल्डला आहे, त्यांच्या भिंगांत मला काही कमी दिसलं नाही. पण मला चष्मा आहे, आणि धक्का बसताना डोळ्यापासून स्कोप जितका लांब तितका मी निर्धास्त. ल्यूपोल्डच्या व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४०ला हे अंतर चार इंचांच्या जवळपास मिळतं, तिथे निवड झाली. माझ्या जागेला २-७×३३सुद्धा पुरला असता, दुकानात असता तर कदाचित तोच घेतला असता.

सप्टेंबर, अखेर

स्कोप मी स्वतः बसवला आणि पहिल्या दिवशी गोळ्या कागदभर पसरल्या. दोष ना गोळ्यांचा, ना भिंगांचा. स्कोपखालच्या पट्टीचा एक स्क्रू मी हातानेच आवळून सोडला होता. सगळं उकललं, स्क्रूंवरचं तेल पुसलं, ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने पुन्हा आवळलं. स्कोप धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड. हा पाना पहिल्याच खरेदीत घ्या.

मग २५ यार्डांवर. बोल्ट काढून नळीतून लक्ष्य बघितलं, नळीला धक्का न लावता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर आणली. पहिली गोळी अडीच इंच खाली, एक इंच उजवीकडे. स्कोपच्या चकतीची पाव एमओएची (एमओए हे कोनाचं माप) एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे २५वर इंचाचा सोळावा भाग. चाळीस क्लिक वर, सोळा डावीकडे. पुढची गोळी ठिपक्यातच. १०० यार्डांवर आणखी सहा क्लिक लागल्या. तीन गोळ्या सव्वा इंचात आल्या आणि मी स्कोपची टोपणं लावून टाकली. १३८ यार्डांवर या गोळीचा उतार इंचभराच्या आत-बाहेर आहे, म्हणून नेम वर-खाली धरायचा प्रश्नच उरला नाही.

ऑक्टोबर

गोळ्यांचा पसारा टेबलावरून सव्वा इंच. बसून, काठ्यांच्या आधाराने, चार इंच. उभं राहून आधाराशिवाय, दहा. हरणाचं काळीज-फुफ्फुसांचं क्षेत्र आठ ते दहा इंच धरतात, तेव्हा उभ्याने बार काढायचा नाही हे पक्कं झालं. मचाणाला आडवी दांडी बांधून घेतली आहे, दस्त्याखाली हाताची मूठ आणि पुढे दांडी.

आता रेंजवर गेलो की सगळ्यात आधी एकच गोळी झाडतो, थंड नळीतून, कोट आणि नारिंगी जॅकेट घालून, १०० यार्डांवर. कागद तोच ठेवतो, फक्त तारीख लिहितो. मोसमात मिळणारी गोळी ही अशीच पहिली आणि थंड नळीतली असणार.

९ नोव्हेंबर

त्या कागदावर आता आठ भोकं आहेत. सात तीन इंचांच्या वर्तुळात, एक दीड इंच बाहेर. त्या दिवशी वारा नव्हता, मी चाप घाईने ओढला होता, तारखेशेजारी तसं लिहून ठेवलं आहे.

मुंडकं सीडब्ल्यूडीच्या (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा एक जीवघेणा रोग) तपासणीला कुठे द्यायचं ते विचारून ठेवलं. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२पासून आहे आणि आमची काउंटी त्यातच येते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच राहील. हे मी घरी आधीच सांगितलं आहे, कारण मालवणी मसाला भाजून तयार आहे.

नळी आता पुसणार नाही. स्वच्छ नळीची पहिली गोळी कधीकधी वेगळीकडे जाते, आणि माझी आठही भोकं न पुसलेल्या नळीची आहेत. २२ तारखेच्या शनिवारी मोसम उघडतो. कागद बाबांना फोटो काढून पाठवला. त्यांनी भोकांबद्दल काही विचारलं नाही, वारा कुठल्या बाजूने येतो तेवढं विचारलं. पश्चिमेकडून येतो, आणि मचाण मक्याच्या पूर्वेला आहे, म्हणजे माझा वास मक्याकडे जाणार नाही.